पुणे नगरपालिकेतील महात्मा फुले



महात्मा फुले म्हटले की मुले पटकन सांगतात, मुलींची शाळा, भिडे वाडा, १८४८. बरोबरच आहे ते. पण जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे किती जणांना माहीत असते? परिसर अभ्यासात नगरपालिका शिकवताना हा भाग जरूर सांगा.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराण्याचा व्यवसाय फुलांचा, त्यावरूनच फुले हे आडनाव पडले. पुढे त्यांनी बांधकामाची कंत्राटेही घेतली. खडकवासला धरणाच्या कामात ते होते. त्याच धरणाच्या कालव्याचे पाणी आज आपल्या इंदापूर तालुक्यापर्यंत येते. म्हणजे फुले काही आपल्यापासून लांबचे नाहीत!

त्या काळी पुण्यात अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाण्याला हात लावू देत नसत. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला.

१८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेत होते. तेव्हा आजच्यासारखी सर्वांना मते नव्हती, सरकारच सदस्य नेमायचे. पण नेमणूक सरकारची म्हणून जोतीराव गप्प बसले नाहीत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्चायचे ठरले. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ठरावाविरुद्ध एकट्या त्यांचे मत पडले. शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले. नव्या मंडईवरच्या मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. मंडई उभी राहिलीच, आणि आज तिला नाव आहे महात्मा फुले मंडई!

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

सभागृहात ते हरले, पण लोकांचा पैसा कशावर खर्च व्हावा हा त्यांचा प्रश्न आजही प्रत्येक गावाला लागू आहे. वर्गात एकदा बाल नगरपालिका भरवा. मुलांना एक हजार रुपये कुठे खर्चाल ते विचारा, मत घ्या. विरोधात एकच हात वर आला, तर त्या मुलाला कोणी हसणार नाही एवढे बघा. आणि त्याचे कारण सगळ्या वर्गाला ऐकू द्या.