आचार्य जगदीशचंद्र बसू
आहुप्याच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारिले की, ज्या खोलीत फोनास वायफाय सापडते तेथेच जुन्या टॅब्लेटास ते का सापडू नये? उत्तरादाखल आम्ही त्यास बसूंचे चरित्र सांगितले.

ते १८५८ साली बंगाल्यात जन्मले. कलकत्त्यास व केंब्रिजास शिकले. प्रेसिडेन्सी कॉलेजात गोऱ्या अध्यापकांहून वेतन कमी, म्हणून तीन वर्षे त्यांनी ते घेतलेच नाही. शिकविणे मात्र सोडिले नाही. आणि घरी पित्याचे कर्ज! १८९५ साली त्यांनी तारेवाचून दूरची घंटा वाजविली. पुढे ५ मिलिमीटरपर्यंत आखूड लहरी उत्पन्न केल्या. त्या ओळखणारे ग्राहकयंत्रही स्वतःच घडविले. वायफायच्या लहरी सुमारे १२ अथवा ६ सेंटिमीटरांच्या. कित्येक जुने टॅब्लेट पहिलीच ओळखतात, दुसरीस बहिरे. १९३७ साली बसू निवर्तले.