पॉप्लरचे ३० नगरसेवक १९२१ मध्ये तुरुंगात का गेले होते?

हॉलिवूडची अभिनेत्री अँजेला लॅन्सबरी अनेकांना माहीत असते. तिचे आजोबा जॉर्ज लॅन्सबरी (१८५९-१९४०) मात्र घरपट्टीच्या भांडणात तुरुंगात गेले होते.

तेव्हा इंग्लंडमध्ये गरिबांना सांभाळायची जबाबदारी स्थानिक पातळीवर होती आणि पैसाही तिथल्याच घरपट्टीतून यायचा. म्हणजे जिथे बेकार जास्त, तिथे खर्च जास्त आणि वसुली कमी. पूर्व लंडनमधलं गोदी कामगारांचं पॉप्लर नेमकं असंच होतं. श्रीमंत वेस्टमिन्स्टरचं तसं नव्हतं.

लॅन्सबरी १८९० च्या दशकापासून पॉप्लरच्या गरीब-मदत मंडळावर होते. १९१९ मध्ये मजूर पक्षाने पालिका जिंकली आणि ते महापौर झाले.

१९२१ मध्ये बेकारी भडकली. तेव्हा लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस वगैरेंचा हिस्सा लोकांकडून वसूलच करायचा नाही, असं पालिकेने ठरवलं. कोर्टाचा आदेशही मानला नाही. सप्टेंबरमध्ये ३० नगरसेवक आत गेले, त्यात ५ महिला. गंमत म्हणजे पालिकेच्या सभा ब्रिक्स्टन तुरुंगातच भरू लागल्या. त्यासाठी महिलांना हॉलोवे तुरुंगातून आणलं जायचं.

सहा आठवड्यांनी सरकार नमलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि गरिबांच्या मदतीचा बराचसा खर्च अख्ख्या लंडनवर वाटला गेला. तुरुंगात गेलेल्यांमध्ये लॅन्सबरींची सून मिनीही होती. सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आतच, १ जानेवारी १९२२ रोजी, ती न्यूमोनियाने गेली. वय होतं ३२.