कोखर यांचे रुग्ण आणि आपला टीएसएच रिपोर्ट

थिओडोर कोखर यांचा जन्म १८४१ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झाला. १८७२ मध्ये ते तिथेच सर्जरीचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या डोंगराळ भागात माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रुग्ण भरपूर. त्या काळी या ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने अनेकजण दगावत. कोखर सावकाश, काटेकोरपणे काम करत. पुढे त्यांच्या हाताखालचे मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले.

१८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. ऑपरेशन यशस्वी झाले, पण मुलीची वाढ खुंटली, ती मंद झाली. जिनिव्हाच्या रेव्हर्दिन यांनाही आपल्या रुग्णांत असेच बदल दिसले होते. मग कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण तपासले, त्यांतले १६ सुजलेले, थकलेले, सुस्त झालेले होते. १८८३ मध्ये त्यांनी हे सर्व जाहीर केले. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा १९०९ च्या नोबेलपेक्षा मोठा वाटतो. (कारण मात्र त्यांनी आधी चुकीचे लावले होते: श्वासनलिकेला इजा.) त्यानंतर साध्या गलगंडात ते ग्रंथीचा काही भाग राखून ठेवू लागले. १८९१ मध्ये इंग्लंडच्या मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा आजारावर उपचार होतो हे दाखवले.

कोखर १९१७ मध्ये वारले. त्यांना रुग्णाचा चेहरा पाहूनच निदान करावे लागे. आपल्याकडे टीएसएच आहे. हे हार्मोन थायरॉइडचे नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे. थायरॉइड कमी पडली की पिट्युटरी जोर लावते, म्हणून टीएसएच वाढतो. सोबत फ्री टी-४ कमी असेल तर आजार स्पष्ट असतो. टी-४ नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून मगच ठरवतो.

तुमची पूर्ण ग्रंथी काढली असेल तर थायरॉक्सिनची गोळी कायमची. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच करा, त्याआधीचा आकडा फसवा असतो. ग्रंथी कर्करोगामुळे काढली असेल तर काही रुग्णांत टीएसएच मुद्दाम कमी ठेवतात, तेव्हा रिपोर्टवर ‘लो’ पाहून गोळी स्वतःहून कमी करू नका.