माझे आवडते शास्त्रज्ञ : जगदीशचंद्र बोस

माझे आवडते शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस हे आहेत. गुरुजींनी वर्गात त्यांची गोष्ट सांगितली, तेव्हापासून ते मला फार आवडतात.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. ते गाव आता बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तेव्हा मोठ्या घरची मुले इंग्रजी शाळेत जायची. पण वडिलांनी त्यांना आधी बंगाली शाळेत घातले. तिथे त्यांच्याशेजारी कोळ्याचा मुलगा आणि वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसायचा. शाळा सुटली की पोरं त्यांच्या घरी जायची. आई सगळ्यांना सारखंच खायला द्यायची.

पुढे ते कलकत्त्याला व नंतर इंग्लंडला शिकले. १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. पण त्यांना गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला. म्हणून त्यांनी ३ वर्षे पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र चालूच ठेवलं. शेवटी सरकारने त्यांना मागच्यासकट पूर्ण पगार दिला.

कॉलेजातल्या लहानशा खोलीत ते प्रयोग करत. १८९५ साली त्यांनी कलकत्त्यात लोकांसमोर एक प्रयोग केला. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी सोडून त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मधे तार नव्हती! लोक चकितच झाले.

१८९८ साली त्यांनी तागाच्या जुड्या घेतल्या व त्यांना पीळ दिला. माझे आजोबा वाखाचा दोर वळताना देतात ना, तसाच पीळ. त्यातून लहरी सोडल्या तर लहरीच्या कंपनाची दिशा फिरली. पीळ उलटा दिला तर ती उलट बाजूला फिरली. म्हणजे साध्या तागाने त्यांनी न दिसणाऱ्या लहरीला वळण लावलं.

नंतर त्यांनी झाडांवर खूप प्रयोग केले. झाडाची वाढ मोजायचे यंत्र बनवले. १९१७ साली कलकत्त्यात बोस विज्ञान मंदिर सुरू केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, मोबाईलसुद्धा अशाच लहरींवर चालतो. लहर खूप बारीक असली की ती भिंतीला, डोंगराला अडते. म्हणून आता शास्त्रज्ञ एक हुशार पाटी तयार करत आहेत. तिच्यावर शेकडो छोटे तुकडे असतात. विजेने ते तुकडे बदलता येतात. मग पाटीवर आलेली लहर हवी तिकडे वळवता येते. मी घरी आरसा उन्हात धरून माजघरात कवडसा पाडून बघितला. आरसा थोडा हलवला की कवडसा थेट उतरंडीवर! पाटीचं काम तसंच, पण ती हलवावी लागत नाही.

आमची वस्ती डोंगराच्या मागे आहे. आई-बाबा ऊसतोडीला गेले की मी आजीजवळ राहते. घरात रेंज येत नाही. आईशी बोलायला आजीला घेऊन देवळाच्या टेकडीवर जावं लागतं. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून रोज जाता येत नाही.

जगदीशचंद्र आपल्यासारखेच आपल्या भाषेच्या शाळेत शिकले. मी पण खूप शिकणार आहे. मोठी झाल्यावर मी टेकडीवर तशी पाटी लावीन. मग आजी ओट्यावर बसूनच आईशी बोलेल.

– इयत्ता ४ थी