गर्भवतींच्या रक्तक्षयावर स्वस्त उपाय शोधणाऱ्या डॉ. लुसी विल्स

सोलापूर : गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचा इतिहास मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेपासून सुरू होतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. सुमारे ९० वर्षांपूर्वी डॉ. लुसी विल्स या इंग्लिश संशोधिकेने गिरणगावातील गरीब स्त्रिया काय खातात याचा शोध घेतला आणि त्यांच्या जीवघेण्या रक्तक्षयावर स्वयंपाकघरातला उपाय शोधून काढला. सोलापूरसारख्या गिरण्या, यंत्रमाग आणि विडी उद्योगावर वाढलेल्या शहराला त्यांच्या कार्याची ओळख असणे अगत्याचे आहे.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ मध्ये सुरुवात केली. वडील आणि बहीण यांच्या निधनानंतर त्या प्रवासाला निघाल्या. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथील रुग्णालयात स्वेच्छेने शुश्रूषेचे काम करीत असताना वैद्यकाकडे त्यांचा ओढा वाढला. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयातून १९२० मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना न थाटता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची वाट धरली.

त्या काळी मुंबईत बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी करण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने काम सुरू झाले आणि त्यासाठी १९२८ मध्ये विल्स भारतात आल्या. गिरणी कामगारांच्या कुटुंबांतील गर्भवतींमध्ये एक विशिष्ट रक्तक्षय वारंवार आढळत होता. या रुग्णांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. विल्स यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासून पाहिली. त्याचबरोबर सहकारी एस. एन. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ज्यांच्या जेवणात भाजी, फळे आणि प्रथिने तुटपुंजी, त्यांच्यात हा विकार अधिक, असे दिसून आले.

यानंतर त्यांनी उंदरांना या स्त्रियांसारखाच आहार दिला. उंदीर रक्तक्षयाने आजारी पडले, आणि आहारात यीस्ट मिसळले की बचावले. उंदरांच्या आजारात उवांमार्फत पसरणाऱ्या संसर्गाचाही हात होता, हे पुढे उघड झाले. त्यामुळे त्यांनी माकडांवरही प्रयोग केले. यीस्टचा गुण मात्र खोटा ठरला नाही.

त्या वेळी रक्तक्षयावर यकृत आणि यकृताचा अर्क हे उपचार प्रचलित होते, पण ते महाग पडत. गरिबांना परवडेल असे काहीतरी हवे होते. विल्स यांनी मार्माइट निवडले. मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टपासून बनणारा हा दाट, काळपट, खारट अर्क पावाला लावून खातात किंवा गरम पाण्यात विरघळवून सुपासारखा पितात. तो दिल्यावर खंगलेल्या स्त्रियांचे रक्त भराभर सुधारू लागले. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शुद्ध केलेल्या यकृतार्काने या रुग्णांना गुण येत नाही, साध्या अर्काने मात्र येतो, हेही त्यांनी पुढे दाखवले. म्हणजेच हा गुणकारी घटक तोवर अज्ञात होता. त्याला विल्स घटक असे नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा करण्यात आला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले गेले. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे नेतृत्व डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते. विल्स १९४७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्या. त्या अविवाहित होत्या. गिर्यारोहणाची त्यांना आवड होती. उत्तरायुष्यात त्या लंडनच्या चेल्सी भागातून नगरसेविका म्हणूनही निवडून आल्या. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ते पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

त्यांच्या कार्याचे महत्त्व अद्याप ओसरलेले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. गर्भवतींना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. आहारातही हा घटक मुबलक आहे. हरभरा, चवळी, मूग, पालक, मेथी आणि सोलापूरच्या घराघरांत चटणीसाठी कुटल्या जाणाऱ्या शेंगा, हे सारे त्याचे स्रोत आहेत. तो पाण्यात विरघळतो. म्हणून भाजी किंवा डाळ शिजवलेले पाणी ओतून न देता आमटीत वा सारात वापरणे हिताचे ठरते.

सार किंवा सूप पिताना तारतम्य मात्र हवे. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत मिळणाऱ्या जपानी सुपांची चव आणि यीस्टच्या अर्काची चव यांत साम्य आहे, कारण दोन्हींत ग्लुटामेट असते. पण जपानी सुपासाठी वापरल्या जाणाऱ्या कोंबू या समुद्रशेवाळात आयोडीन फार मोठ्या प्रमाणात असते आणि सुपात मीठही भरपूर पडते. ते अधूनमधून, ताजे व कढत घेण्यास हरकत नसली, तरी थायरॉइड वा रक्तदाबाचा त्रास असलेल्या गर्भवतींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्या यकृताने एके काळी रुग्ण बरे केले, तेही त्यातील जादा अ जीवनसत्त्वामुळे गर्भारपणात टाळण्यास आज सांगितले जाते.

आधी ताटात काय आहे ते पाहावे, मग औषध ठरवावे, आणि ते गरिबाला परवडेल असे असावे, हीच डॉ. विल्स यांच्या संशोधनाची शिकवण होय.