युद्धाला लगाम घालू पाहणारा सैनिक

फौजेतले आमचे मामा सुटीवर आले की आम्ही मुले लढाईच्या गोष्टींसाठी त्यांच्याभोवती कोंडाळे करायचो. मामा मात्र चिखलात रुतलेल्या ट्रकची नाहीतर वेळेवर न पोचलेल्या निरोपाची हकिगत सांगत. आम्ही हिरमुसायचो. पुढे कार्ल फोन क्लाउझेविट्स वाचला, तेव्हा उमगले, मामांनी खरी लढाईच सांगितली होती.

१७८० साली प्रशियातील बुर्ग या गावी जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी सैन्यात शिरला आणि तेराव्या वर्षी प्रत्यक्ष लढाईत होता. बर्लिनच्या लष्करी विद्यालयात त्याला शार्नहोर्स्टसारखा गुरू लाभला. १८०६ मध्ये नेपोलियनने येना येथे प्रशियाची दाणादाण उडवली. क्लाउझेविट्सच्या वाट्याला फ्रान्समधली कैद आली. १८१२ साली आपल्याच राजाने नेपोलियनशी हातमिळवणी केली, तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि रशियाच्या बाजूने तो लढला. त्यापायी राजाचा रोष पत्करला.

१८१८ पासून बारा वर्षे तो बर्लिनच्या युद्धविद्यालयाचा संचालक होता. काम बव्हंशी कारभाराचे. त्याच काळात त्याने आपले चिंतन कागदावर उतरवले. नकाशावर सोपी दिसणारी मोहीम पाऊस, थकवा, भीती आणि चुकीच्या बातम्यांनी अडखळते. यंत्राच्या चाकांत होते तसे हे घर्षणच, असे तो म्हणे.

दुसरा विचार अधिक मोलाचा. युद्ध हे राजकारणाचेच वेगळे साधन आहे, असे त्याने मांडले. याचा अर्थ लोक युद्धाची भलामण असा लावतात. मला त्यात लगाम दिसतो. युद्ध धनी नव्हे, चाकर आहे. हेतू स्पष्ट नसेल, तर पराक्रम कोणाच्या कामी येणार?

नोव्हेंबर १८३१ मध्ये ब्रेस्लाऊ येथे पटकीच्या साथीत तो गेला. वय अवघे एक्कावन्न. ग्रंथ अपुरा, कागद पुडक्यांत बांधलेले. पत्नी मारी हिने दुःख गिळून ते उलगडले, आप्तमित्रांच्या मदतीने लावले आणि १८३२ पासून छापायला घेतले. प्रस्तावनाही स्वतः लिहिली. त्या काळी बाईने लष्करी ग्रंथाला प्रस्तावना लिहिणे ही धाडसाचीच गोष्ट. ती मागे हटली असती, तर 'युद्धाविषयी' हा ग्रंथ कदाचित पुडक्यांतच राहिला असता.

आता कुठे रणशिंग फुंकले गेल्याची बातमी वाचली की कोण जिंकेल हे मी आधी विचारत नाही. विचारतो, हे कशासाठी? आणि मामांचा तो चिखलातला ट्रक आठवतो.