विश्लेषण : विनोदवीर की गायक? हॅरी सीकम यांची दुहेरी कारकीर्द कशी घडली?

रेडिओवरचा भाबडा, सहज फसणारा नेडी सीगून आणि रंगमंचावरचा खणखणीत आवाजाचा गायक ही दोन्ही रूपे एकाच माणसाची होती. ब्रिटनमध्ये अर्धशतक लोकप्रिय राहिलेले सर हॅरी सीकम यांना या दोन ओळखींचा मेळ कसा घालता आला?

सुरुवात कशी झाली?

सीकम यांचा जन्म ८ सप्टेंबर १९२१ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे झाला. गाण्याचा संस्कार चर्चमधून मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. उत्तर आफ्रिकेत कड्यावरून एक अवजड तोफ त्यांच्या वाहनाजवळ कोसळली आणि ती शोधत स्पाइक मिलिगन आले, असा किस्सा दोघेही सांगत. या मिलिगन यांचा जन्म अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). युद्धानंतर १९४६ मध्ये लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये सीकम यांना काम मिळाले. वेगवेगळी माणसे दाढी कशी करतात, याची नक्कल हा त्यांचा हुकमी प्रयोग होता.

'गून शो' काय होता?

२८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर 'क्रेझी पीपल' सुरू झाले. त्याचेच पुढे 'द गून शो' झाले. लेखन मुख्यतः मिलिगन यांचे. सोबत पीटर सेलर्स आणि सुरुवातीला मायकेल बेंटिन. बाकीचे अनेक आवाज काढत, तर सीकम प्रामुख्याने नेडी सीगून साकारत. तर्कशून्य कथानकाला बांधून ठेवणारा दुवा तोच होता. १९६० मध्ये ही मालिका थांबली. बीटल्स आणि मॉन्टी पायथन या दोघांवरही तिचा प्रभाव होता.

विनोदी प्रतिमा गायनाच्या आड आली का?

धोका होताच. हसवणाऱ्याचे गाणे गांभीर्याने घेतले जाईलच असे नव्हते. मात्र सीकम यांनी आवाजाचे रीतसर शिक्षण घेतले. १९६३ मध्ये 'पिकविक' या संगीत नाटकात त्यांची प्रमुख भूमिका होती. १९६७ मध्ये चार्ली चॅप्लिन यांनी रचलेले 'धिस इज माय साँग' त्यांच्या आवाजात ब्रिटिश क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. पुढच्याच वर्षी 'ऑलिव्हर!' चित्रपटात ते मिस्टर बंबल झाले. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

उत्तरायुष्यात काय केले?

१९८० मध्ये गंभीर आजारातून ते वाचले आणि मधुमेहामुळे त्यांना वजन बरेच घटवावे लागले. १९८१ मध्ये 'सर' किताब मिळाला, तेव्हा मानचिन्हासाठी त्यांनी 'गो ऑन' हे ब्रीद निवडले. इंग्रजीत ही अक्षरे जोडली की 'गून' होते! १९८३ ते १९९३ या काळात 'हायवे' या भक्तिगीतांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ते गावोगावी पोहोचले. १९९७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, पुढे कर्करोगाचेही निदान झाले. तरी आजारपण त्यांनी लपवले नाही.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. माझ्या अंत्यविधीला आता हा गाणार नाही, हे बरे झाले, अशी थट्टा मिलिगन यांनी केली होती. पुढच्या वर्षी मिलिगन गेले आणि त्यांच्या स्मरणसभेत सीकम यांच्याच गाण्याची ध्वनिफीत वाजवण्यात आली.